मार्शल आर्टसाठी हाताची पकड आणि बोटांची ताकद: नवीन मंडळींनी सुरुवात कशी करायची

जुडो असो, जुजित्सू असो, कुस्ती किंवा कराटे असो, नवीन सुरू केलेल्या बहुतेकांची पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतली तक्रार सारखीच असते, दम पुरतो, पाय पण चालतात, पण हात साथ देत नाही. समोरच्याची गी, म्हणजे जुडो-जुजित्सूत घालतात तो जाड कापडाचा पोशाख, धरली, दोन-तीन मिनिटं ओढाताण झाली की कोपराखालचा भाग फुगून टाइट होतो, बोटं आपोआप सुटतात आणि घरी गेल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा फिरत नाही. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते, कोणी स्प्रिंगवाला हँड ग्रिपर मागवतो, कोणी पहिल्याच दिवशी बोटांवर पुशअप मारायला जातो आणि आठवड्याभरात बोट सुजवून बसतो. क्लासला येणाऱ्या नवीन मुलांमध्ये हे इतक्यांदा बघितलंय की म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढू, मुंबईत छोट्या घरात राहणाऱ्या, ऑफिस नाहीतर कॉलेज उरकून संध्याकाळी क्लासला पळणाऱ्या माणसाला जमेल असं. जिमची मेंबरशिप लागत नाही. बादली, टॉवेल, तांदूळ, रबरबँड एवढ्यावर पहिले सहा महिने आरामात निघतात.

ताकद असते कुठे ते आधी बघा

उजवा हात समोर धरा, डाव्या हाताने उजव्याचा कोपराखालचा मांसल भाग पकडा आणि आता उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवा. डाव्या हाताखाली काहीतरी सरकतंय, फुगतंय असं जाणवेल. बोटं मिटवणारे मोठे स्नायू तिथे आहेत, कोपराच्या खाली. काही छोटे तळहातात आहेत, अंगठ्याच्या मुळाशी जो गुबगुबीत भाग असतो तो त्यातलाच. खुद्द बोटांमध्ये असे स्नायू नसतातच, तिथे फक्त हाडं, सांधे, कातडी आणि वरून येणारे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे. हे टेंडन मनगटातल्या एका अरुंद जागेतून जातात आणि पुढे बोटांच्या हाडांना चिकटून राहावेत म्हणून त्यांच्यावर छोटी छोटी कडी असतात, त्यांना पुली म्हणतात.

आता हे का सांगतोय, तर स्नायू पटकन तयार होतात, तीन-चार आठवड्यांत फरक कळायला लागतो, पण टेंडन आणि पुलीला रक्तपुरवठा कमी असतो त्यामुळे त्यांना कित्येक महिने लागतात. म्हणजे दुसऱ्या महिन्यात तुम्हाला वाटतं की आता माझ्यात दम आला, वजन वाढवू, आणि स्नायू ते वजन घेतात पण बोटाची पुली अजून तयार नसते, दुखापत बरोबर तिथेच होते. म्हणून खाली जिथे जिथे मी हळू जा म्हटलंय तिथे खरंच हळू जा.

पकड पण एकाच प्रकारची नसते. मूठ आवळून दाबायची एक, काहीतरी धरून ठेवायची दुसरी, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत पकडायची तिसरी, आणि या सगळ्याला सांभाळणारं मनगट. जुडो आणि गी घालून करायच्या जुजित्सूत धरून ठेवायची ताकद सगळ्यात जास्त लागते कारण जाड कापडाची बाही, कॉलर मिनिटंच्या मिनिटं सोडायची नसते. कुस्तीत धरायला कापडच नाही, घामेजलेलं मनगट, मान, दंड धरायचा, म्हणून तिथे चिमटी आणि मनगट दोन्ही लागतात. कराटे-बॉक्सिंगवाल्यांना मूठ घट्ट आणि मनगट सरळ राहायला हवं, नाहीतर बॅगवर ठोसा मारताना मनगट मुडपतं. लाठीकाठीवाल्यांना काठी फिरती ठेवून पण हातातून न सुटता खेळवायची असते. तुम्ही काय शिकताय त्याप्रमाणे खालच्या गोष्टींतलं कमी-जास्त करा, पण पहिले दोन महिने सगळ्यांनी सगळं थोडं थोडं केलेलं बरं.

सुरू करायच्या आधी, रोज पाच मिनिटं

नखं कापा. लांब नखाने पार्टनरला ओरखडे येतात ते वेगळंच, पण कापडात नख अडकून उलटं झालं की पंधरा दिवस काही करता येत नाही. अंगठी, कडं, रुद्राक्षाची माळ हातात असेल तर काढून ठेवा, यात कोणाच्या श्रद्धेचा प्रश्न नाही, अंगठी अडकून बोटाची कातडी सोलली जाते.

मग हात गरम करायचे. तळवे एकमेकांवर घासा, मूठ पूर्ण मिटा आणि बोटं जेवढी ताणता येतील तेवढी उघडा, असं पंचवीस-तीस वेळा. मनगट दोन्ही बाजूंनी गोल फिरवा. मग एक छोटी गोष्ट जी बहुतेक जण टाळतात: बोटं सरळ ठेवा, मग फक्त वरची दोन पेरं दुमडा म्हणजे आकड्यासारखा आकार होईल, मग पूर्ण मूठ, मग परत सरळ. हे दहा वेळा, सावकाश. यात टेंडन आपल्या जागेत नीट सरकतात. एसी ऑफिसमधून थेट आलात तर हात थंड असतात, अशा वेळी हे दुप्पट करा.

पायरी १: लटकणं

मला विचाराल तर एकच व्यायाम करायचा असेल तर हा करा. मुंबईत महापालिकेच्या बऱ्याच बागांमध्ये आता ओपन जिम असते, त्यात बार सापडतोच, नाहीतर शाळेच्या मैदानात जुना सिंगल बार असतो. घरी दाराच्या चौकटीत लावायचा बार घेणार असाल तर चौकट लाकडाची आणि मजबूत आहे का ते आधी बघा, जुन्या बिल्डिंगमध्ये वाळवी लागलेली चौकट बाहेरून छान दिसते आणि वजन पडलं की सुटते. आणि लोकलच्या हँडलला किंवा दारातल्या खांबाला लटकून प्रॅक्टिस करायचा विचार डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडा, जिवाशी खेळ आहे तो.

बार धरताना अंगठा खालून वळवून बोटांवर आणा, मिठीत घेतल्यासारखा. आधी स्टुलावर किंवा जमिनीवर पाय टेकवूनच धरा आणि हळूहळू वजन हातावर सोडा. खांदे कानाला चिकटू द्यायचे नाहीत, थोडेसे खाली खेचून ठेवायचे, हे नाही केलं तर सगळा ताण खांद्याच्या सांध्यावर जातो. दहा सेकंद लटका, मिनिटभर थांबा, असं पाच वेळा. वजन जास्त असेल तर पाय टेकलेलेच ठेवा, अर्धं वजन हातावर घेतलं तरी चालतं, लाजायचं कारण नाही. श्वास चालू ठेवा, बरेच जण लटकले की श्वास कोंडून धरतात.

दर आठवड्याला प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद वाढवा. एका दमात चाळीस-पन्नास सेकंद जमायला लागले की मग टॉवेल आणा. अंघोळीचा जाड टॉवेल बारवरून टाकायचा, दोन्ही टोकं दोन हातांत धरायची आणि लटकायचं. इथे खरी मजा आहे, कारण टॉवेल जाड असतो, मऊ असतो, मुठीत पूर्ण मावत नाही आणि करंगळीच्या बाजूने घसरायला लागतो, अगदी गीची बाही घसरते तसाच. आधी परत पाय टेकवून, परत दहा सेकंदांपासून. टॉवेल कुठे विरलेला नाही ना हे बघा आणि खाली मोकळी जागा ठेवा. थोडा ओला टॉवेल घेतला तर अजून अवघड होतं पण ते तीन-चार महिन्यांनी.

पायरी २: उचलून चालणं

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे बादलीइतकं सोपं आणि नेमकं वजन दुसरं नाही. दोन सारख्या बादल्या घ्या, प्रत्येकीत आठ-दहा लिटर पाणी भरा, बाजूला धरून सरळ उभे राहा आणि चाला. चाळीत राहणाऱ्यांना गॅलरी आहे, बिल्डिंगवाल्यांना पॅसेज किंवा गच्ची, फक्त पाणी सांडून शेजारी घसरणार नाही याची काळजी घ्या, म्हणून झाकणाचे कॅन घेतले तर उत्तम. पंधरा-वीस लिटरचे झाकणवाले कॅन आणि पाण्याचे वीस लिटरचे जार बऱ्याच घरांत असतातच.

अर्धा मिनिट चालायचं, ठेवायचं, मिनिटभर थांबायचं, चार फेऱ्या. पाठ सरळ, वाकून उचलायचं नाही, गुडघ्यात बसून उचलायचं. बादलीची कडी बारीक असते आणि बोटात रुतते, तिच्यावर जुना पंचा गुंडाळला की दोन कामं होतात, रुतत नाही आणि पकड जाड झाल्यामुळे बोटांना जास्त मेहनत पडते. ज्यांच्या घरी पाणी सकाळी ठरावीक वेळेला येतं आणि भरून ठेवावं लागतं त्यांनी तेच काम या पद्धतीने करा, वेगळा वेळ काढायची गरज नाही.

पायरी ३: चिमटी

अंगठा कमजोर असेल तर बाकी चार बोटं कितीही तगडी असू देत, पकड अंगठ्याच्या बाजूने सुटते. जुडोत पकड तोडायला शिकवतात ते पण अंगठा आणि बोटांच्या मधल्या फटीतूनच, कारण मूठ उघडी असते ती तिथेच.

ओकिनावाच्या गोजू-र्यू कराटेत यासाठी मातीच्या बरण्या वापरतात, निगिरी-गामे म्हणतात त्यांना. बरणीचा गळा पाचही बोटांच्या टोकांनी वरून धरायचा आणि दोन हातांत दोन बरण्या घेऊन सावकाश पावलं टाकत चालायचं, जसजशी ताकद वाढेल तशी आत थोडी थोडी वाळू टाकत जायची. चोजुन मियागी यांनी उभ्या केलेल्या त्या परंपरेत आजही हे चालतं. आपल्याला घरी लोणच्याची रिकामी प्लॅस्टिकची बरणी चालते, रुंद तोंडाची, काठ असलेली. काचेची किंवा चिनीमातीची नको, हातातून सुटली की पायावर फुटते. आधी रिकामी, मग मूठ मूठ तांदूळ किंवा वाळू. वीस सेकंद धरा, तीन-चार वेळा. बरणी नसेल तर दोन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं एकत्र धरून उभी चिमटीत उचला, किंवा जिमला जात असाल तर अडीच किलोच्या दोन प्लेट गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून एकत्र धरा. ही पायरी छोटी आहे पण सोडू नका.

पायरी ४: मनगट

जुन्या झाडूचा किंवा मॉपचा दांडा घ्या, फूट-दीड फुटाचा तुकडा कापा, मधोमध मीटरभर दोरी घट्ट बांधा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली. दोन्ही हात समोर धरून दांडा फिरवत दोरी गुंडाळा, बाटली वर आली की तितक्याच सावकाश खाली सोडा. खाली सोडताना धाडकन सोडायची नाही, निम्मा फायदा त्यातच आहे. एकदा तळवे खाली करून, एकदा वर करून. सुरुवातीला दोन-दोन वेळा पुरे. खांदे लवकर दमत असतील तर कोपर टेबलावर टेकवा.

दुसरं म्हणजे कपडे पिळणं. वॉशिंग मशीन आहे मान्य, पण आठवड्यातून एक-दोनदा ओली चादर किंवा जीन्स हाताने पिळा, एकदा उजवा हात पुढे फिरवून, एकदा डावा. लाठीकाठी करणाऱ्यांना आणि जुडोत बाही वळवून धरणाऱ्यांना मनगटाची नेमकी हीच हालचाल लागते.

पायरी ५: तांदळाची बादली

हा माझा आवडता प्रकार आहे कारण यात इजा व्हायची शक्यता सगळ्यात कमी आणि हाताच्या सगळ्या बाजूंना काम मिळतं. खोल बादलीत मनगट पूर्ण बुडेल इतका तांदूळ घ्या, छोटी बादली असेल तर सहा-सात किलोत भागतं. खायचा चांगला तांदूळ वाया घालवू नका, किराणावाल्याकडे कीड लागलेला किंवा कणी झालेला तांदूळ स्वस्तात मिळतो, तो चाळून घ्या. व्यायामाचा तांदूळ परत डब्यात टाकायचा नाही हे घरच्यांना पण सांगून ठेवा.

हात मनगटापर्यंत आत खुपसा. तीस सेकंद मूठ आवळत तांदूळ पकडा आणि सोडा. मग बोटं जुळवून आत घाला आणि आतच पूर्ण उघडा, हे अवघड जातं, आणि अवघड जातं म्हणूनच गरजेचं आहे. मग मूठ बंद ठेवून मनगट उजवीकडे-डावीकडे फिरवा, किल्ली फिरवतात तसं. मग बोटं ताठ ठेवून हळूच आत खुपसा, जोरात भोसकायचं नाही, बादलीच्या तळाला बोट आपटलं की संपलं. चार प्रकार, प्रत्येकी तीस सेकंद, मग दुसरा हात. दोन राउंड. दुसऱ्या राउंडच्या शेवटी कोपराखाली जी जळजळ होते ती चांगली, सांध्यात टोचल्यासारखं झालं तर ते चांगलं नाही.

काही जण जुहूला किंवा दादर चौपाटीला वाळूत हे करतात. मी तरी सांगणार नाही, आपल्या चौपाट्यांच्या वाळूत काच, खिळे, प्लॅस्टिक काय काय असतं आणि हात आत घातल्यावर दिसत नाही. पावसाळ्यात तांदळाला ओल धरते, वास येतो, बादलीवर झाकण ठेवा आणि ऊन पडेल तेव्हा पसरून वाळवा.

पायरी ६: हात उघडायचा व्यायाम, हा कोणीच करत नाही

क्लासमध्ये आपण दोन तास पकडतो. येताना विरार किंवा कल्याण लोकलमध्ये तासभर वरचं हँडल पकडून उभे असतो. दिवसभर माऊस पकडतो, रात्री मोबाइल पकडतो. सगळं पकडणंच. बोटं उघडणारे स्नायू हाताच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे मनगटावर घड्याळ दिसतं त्या बाजूला असतात आणि ते तसेच कमजोर राहतात. मग कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, आणि चहाचा कप उचलताना पण कळ येते. टेनिस न खेळणाऱ्यांनाच हे जास्त होतं.

उपाय जवळजवळ फुकट आहे. जाडसर रबरबँड घ्या, पाचही बोटांची टोकं जुळवा, रबर नखांच्या थोडं खाली चढवा आणि बोटं फुलवा, पूर्ण उघडून दोन सेकंद थांबा, सावकाश परत जुळवा. वीस वेळा, तीन सेट. एक रबर सोपं झालं की दोन. हे ट्रेनमध्ये सीट मिळाली तर बसल्या बसल्या होतं, ऑफिसमध्ये कॉल चालू असताना होतं, आणि बाकीच्या व्यायामांसारखी याला मधल्या दिवसाच्या विश्रांतीची पण फारशी गरज लागत नाही.

पायरी ७: बोटांवर पुशअप, आणि कोणासाठी नाही

व्हिडिओत दिसतं म्हणून सगळ्यांना हे आधी करायचं असतं. माझं स्पष्ट मत आहे की गी पकडणाऱ्यांना याची फारशी गरज नाही, कराटे, कुंगफूवाल्यांना उपयोग आहे, आणि कोणीही असलं तरी वरच्या गोष्टी दीड-दोन महिने केल्याशिवाय याला हात लावू नये.

सुरुवात भिंतीपासून. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, पाचही बोटांची टोकं भिंतीला, बोटं किंचित वाकलेली, पेर मागच्या बाजूला उलटं वळता कामा नये. असे दहा-दहाचे तीन सेट अगदी आरामात व्हायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं आखडलेली नसली, की मग ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर हात ठेवून. मग गुडघे टेकवून जमिनीवर. मग पूर्ण. प्रत्येक टप्प्याला तीन-चार आठवडे द्या. पाच बोटांवरून तीन, दोन असं कमी करण्याच्या नादाला नवीन माणसाने लागू नये. आणि बोटं किंवा मूठ कडक करायला भिंतीवर, झाडावर, विटेवर आपटायचे प्रकार तर अजिबात नकोत, त्याने सांधे कायमचे खराब होतात.

दोरीचं काय

दोरीवर चढणं म्हणजे पकडीचा राजा, आणि मुंबईत ते बघायला लांब जावं लागत नाही. शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, १९२५ पासूनचं, तिथे संध्याकाळी मल्लखांब चालू असतो तो एकदा उभं राहून बघाच. आठ-दहा वर्षांची पोरं सुती दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून सरसर वर जातात आणि वर जाऊन आसनं करतात. पुरलेल्या खांबाला तर एरंडेल लावतात, म्हणजे घर्षणाने अंग सोलत नाही, पण निसटता खांब धरायला पकड किती लागेल विचार करा. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांब परत उभा केला तो पैलवानांच्या तयारीसाठीच, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कवर झाली. तालमीत पण हेच, पैलवान लाल मातीचा हौदा फावड्याने खणतात, मातीत तेल, ताक, हळद मिसळतात, ते नुसतं मातीसाठी नाही, तासभर फावडं चालवलं की मनगट, बोटं, पाठ सगळं तयार होतं.

तुमच्या आसपास दोरी असेल आणि शिकवणारं कोणी असेल तर तीन महिन्यांनंतर जरूर सुरू करा, पण एकट्याने नको. उतरताना हाताखाली हात घेत उतरायचं, घसरत आलात तर तळव्याची साल निघते.

मॅटवर ताकद वाचवायची कशी

अर्धा थकवा ताकद कमी म्हणून येत नाही, सतत आवळून धरल्यामुळे येतो. जुडोत बाही धरताना आधी करंगळी बंद करा, मग अनामिका, मग मधलं बोट, तर्जनी आणि अंगठा जवळपास सैल राहिले तरी चालतं. करून बघा, स्वतःच्याच शर्टाची बाही धरा, एकदा तर्जनी-अंगठ्याने जोर देऊन आणि एकदा करंगळी-अनामिकेने, दुसऱ्या पद्धतीत मनगट मोकळं फिरतं आणि कोपराखालचा भाग कमी फुगतो. काठी धरताना पण तेच, मागच्या दोन बोटांत पकड, पुढची बोटं दिशा देतात. आणि घट्ट फक्त ओढायच्या, टाकायच्या क्षणी. बाकी वेळ आकडा अडकवल्यासारखा हात ठेवायचा. कराटेत मूठ ठोसा लागायच्या क्षणी आवळायची, पूर्ण रस्ताभर नाही. समोरचा पकड तोडतोय आणि बोट कापडात गुंतलंय असं वाटलं तर सोडून द्या, परत पकडता येते, मुरगळलेल्या बोटाने महिनाभर येत नाही.

आठवडा कसा लावायचा

समजा क्लास सोमवार, बुधवार, शुक्रवार आहे. सोमवारी आणि शुक्रवारी क्लास झाल्यावर वीस मिनिटं, लटकणं, बादल्या आणि चिमटी. क्लासच्या आधी कधीच नको, थकलेल्या हाताने थ्रो करायला गेलात तर पार्टनरला पण धोका. रविवारी मनगटाची काठी आणि तांदळाची बादली, सावकाश. रबरबँड रोज. दोन जड दिवसांमध्ये निदान अठ्ठेचाळीस तास सोडा. ज्या दिवशी लोकलमध्ये उभ्याने प्रवास झालाय, ऑफिसमध्ये दहा तास टायपिंग झालंय, त्या दिवशी एक सेट कमी करा, ते काम पण हातानेच केलेलं असतं. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्मं करा आणि त्या आठवड्याच्या शेवटी एकदा बारला लटकून वेळ मोजा, वहीत लिहा.

हँड ग्रिपर घ्यायचाच असेल तर घ्या, वाईट नाही, पण त्यात फक्त दाबायची ताकद वाढते. निम्म्या अंतरापर्यंतच मिटणारा कडक ग्रिपर घेण्यापेक्षा पूर्ण बंद होईल असा हलका घ्या आणि बंद करून तीन सेकंद धरा.

घाम, कातडी, टेप

मुंबईच्या हवेत मार्च ते ऑक्टोबर हात कोरडे राहणं कठीण. छोटा नॅपकिन जवळ ठेवा, बारसाठी जिमनॅस्टिकवाले वापरतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर थोडी लावा, मॅटवर मात्र लावू नका, बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि सगळीकडे पांढरं होतं. टाल्कम पावडरने उलट हात जास्त घसरतो. घट्टे पडले की अंघोळीनंतर वजरीने घासून सपाट ठेवा, उंच घट्टा बारवर अडकून सोलला जातो. रात्री खोबरेल.

बोटं दुखरी असतील तर मेडिकलमध्ये झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी मिळते, अर्ध्या इंचाची पट्टी फाडून पेराच्या वर आणि खाली गुंडाळा, सांधा मोकळा सोडा. इतकी आवळू नका की टोक निळं पडेल. टेपवर रोज अवलंबून राहायची सवय मात्र नको.

कधी थांबायचं

कोपराखाली स्नायूत जडपणा, जळजळ, दुसऱ्या दिवशी ठणका, हे चालतं. खालचं काही झालं तर त्याच दिवशी बंद:

- लटकताना किंवा पकड तुटताना बोटाच्या मुळाशी पट्कन आवाज आला आणि सूज आली, बहुतेक वेळा अनामिका किंवा मधलं बोट. पुलीची इजा असू शकते.
- बोट वाकवलं की अडकतं आणि टक् करून सुटतं.
- रात्री झोपेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं, हात झटकला की बरं वाटतं. मनगटातल्या नसेवर दाब येत असेल तर असं होतं. करंगळी-अनामिका बधिर होत असतील तर कोपराजवळची नस तपासावी लागते.
- सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण मिटत नाही, आणि सलग तीन-चार दिवस तसंच.

हाडाच्या डॉक्टरांना नाहीतर फिजिओथेरपिस्टला दाखवा, दुखरं बोट ओढून जागेवर बसवून देणारा कोणी ओळखीचा असेल तरी त्याच्याकडे आधी नको. ज्यांना ब्लडप्रेशरचा त्रास आहे त्यांनी लटकणं आणि जड बादल्या सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा, कारण एकाच जागी जोर लावून धरून राहिलं की प्रेशर चढतं, श्वास कोंडला तर अजूनच. सोळा वर्षांखालच्या मुलांची हाडं वाढत असतात, त्यांना बोटांवर पुशअप आणि बोटांच्या टोकांवर लटकणं देऊ नका, तांदळाची बादली, रबरबँड आणि शिकवणारे समोर असताना दोरी एवढं त्यांना भरपूर झालं. आणि डॉक्टरांकडे जाताना काय काय व्यायाम करताय, किती सेकंद, आठवड्यातून किती वेळा, ती वही सोबत न्या, कुठला ताण जास्त झाला ते त्यांना त्यावरून लवकर कळतं.